काळा न पडलेला खडा

४ ऑगस्ट, सोमवार

पेटी मी केली. कोपरे खाचेत खाच बसवून जोडले, एक खिळा नाही. पितळी बिजागऱ्या मी कापल्या, मीच कानशीने घासल्या. आत मूलद्रव्यांच्या खड्यांचे तीन कप्पे. धातूंच्या कप्प्याची कड गुळगुळीत, अधातूंची खरखरीत, धातुसदृशांची अर्धी अशी, अर्धी तशी. बोट फिरवलं की कळावं, आपण कुठे आलो. प्रत्येक खड्याखाली तांब्याची पट्टी, तिच्यावर बोथट खिळ्याने उठवलेली ब्रेल अक्षरं. ती लिपी मी या वयात शिकलो. आणि घंटी! लोक दिवा लावतात. पण अंध मुलांना दिवा पेटला काय नि विझला काय. दोन तारा खड्याला टेकवायच्या, वीज गेली तर घंटी वाजते. हे सगळं माझ्या हातचं. सातवीत शाळा सुटलेल्या लेथवाल्याच्या हातचं.

आज पेटी अंधशाळेत पोचवली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मास्तर, हे विकत कुठे मिळतं?" मिळतं! म्हटलं, "बाई, हे मिळत नसतं. हे करावं लागतं."

एक आठेक वर्षांची मुलगी पुढे आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम — हात लावायचा अवकाश, "धातू! गार!" गंधक, कोळसा — "अधातू, कोमट." ग्राफाइटपाशी घंटी वाजली तर खदाखदा हसली. "हा कोमटांत बसून गारांची चाकरी करतो!" मग धातुसदृशांत आली. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम. अँटिमनीवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "हा आधी गार असतो आणि मग विसरतो."

पुस्तकात असं एक वाक्य नाही.

५ ऑगस्ट

कामावर दिवसभर शाफ्ट कातले. कानात घंटी.

६ ऑगस्ट, बुधवार

घरचं खड्यांचं कपाट लावलं. माझ्याकडे सहाही धातुसदृश आहेत. सहावा आर्सेनिक, विषारी, तो शाळेत जायचा प्रश्नच नव्हता. तो काचेच्या नळीत, तोंड वितळवून बंद केलेला. दर वेळी आतल्या हवेने काळा पडतो, मला ते बघवत नाही. म्हणून गेल्या महिन्यात नळी फोडून खडा घासला, उजळ केला, नव्या नळीत बंद केला. त्याच बैठकीत पेटीतला अँटिमनीही घासला. दोघांनाही एकच फडकं.

हिचं पालुपद चालूच — "अहो, चिठ्ठ्या लावा. उद्या कुणी काही खाल्लं तर?" चिठ्ठी लावावी ज्याला ओळखता येत नाही त्याने. अँटिमनीवर निळसर झाक असते, आर्सेनिक पोलादी. माणसाला जावई आणि व्याही वेगळे ओळखता येतात तसंच.

ट्यूबलाइट बदलायला हवी. सगळं पिवळट दिसतं. ही म्हणते, "गेल्याच महिन्यात बदललीय हो." बनावट असणार.

७ ऑगस्ट, गुरुवार

दुपार.

रजा होती. ही कपाट पुसत होती. सहज म्हणाली, "या वेळी काळा नाही पडला हो तुमचा हा खडा. लख्ख आहे."

आधी खूश झालो. म्हटलं, बघ, नळी कशी बंद केलीय! आणि मग आठवलं. आर्सेनिक काळा पडतो. नळीत हवा आहे, मी निर्वात केलेली नाही, माझ्याकडे ते यंत्र नाही. महिना झाला. पडायलाच हवा होता. काळा पडत नाही तो अँटिमनी.

मग शाळेत काय दिलं मी?

लगेच फोन लावला. म्हणालो, "बाई, पेटी बंद करा, मुलांचे हात साबणाने धुवा. पॉलिश — पॉलिश ओलं राहिलंय." पॉलिश! जीभ कशी वळली? बाई म्हणाल्या, "अहो, मुलं सोमवारपासून खेळतायत. आमची चिमणी तर चाटून बघते! काल सगळ्या खड्यांची चव सांगत होती. गंधकाला नाक मुरडलं. तुमच्या त्या विसरणाऱ्या खड्याला म्हणे चवच नाही."

चवच नाही.

"तिला काही होतंय का?" तर म्हणाल्या, "सकाळी पोट दुखत होतं. पोरांचं काय, चालायचंच."

मी फोन ठेवला. सांगितलं नाही. आधी खात्री करावी म्हटलं. खात्री करणारा माणूस मी! नळी फोडली, खडा तराजूवर घातला. हवेतलं वजन, पाण्यातलं वजन, फरकाने भागायचं. आर्सेनिकला पावणेसहाच्या आत उत्तर येतं, अँटिमनीला पावणेसातच्या आसपास. तीनदा केलं. तीन उत्तरं आली — एक याच्या बाजूचं, एक त्याच्या, एक मधलंच. बारीक रेघा नाचतात. तराजू झिजलाय.

थोरली लेक बँकेतून येईल. तिला बघायला सांगतो.

नाही. आत्ताच बोलावतो.

संध्याकाळ. थोरली रिक्षाने धावत आली. म्हणाली, "बाबा, आई रडतेय, झालंय काय?" म्हटलं, "तराजूवरचे आकडे पुसट झालेत, तेवढे वाच." ती वाकली. "हो, पुसट झालेत," म्हणाली. फार लवकर म्हणाली. मग फाडफाड वाचले. हवेत सव्वीस पूर्णांक आठ. पाण्यात बावीस पूर्णांक आठ. फरक चार.

सहा पूर्णांक सात. माझ्या घरात अँटिमनी. पेटीत आर्सेनिक. पट्टीवर माझ्या हातची ब्रेल अक्षरं — अँटिमनी.

तसंच रिक्षाने शाळेत गेलो, थोरली बरोबर. दारातच बाईंना सांगितलं. उभ्यानेच. पॉलिशचं खोटं, खड्याचं खरं, सगळं. बाईंचा चेहरा पांढराफटक. त्या तडक आत गेल्या आणि चिमणीला उचलून बाहेर आल्या. ती माझा आवाज ओळखून म्हणाली, "घंटीवाले काका! मला उलटी झाली!"

मजा वाटत होती तिला.

८ ऑगस्ट

दवाखान्यात. लघवी तपासायला बाहेरगावी पाठवलीय. डॉक्टरांनी मला बसवून विचारलं, खडा केवढा, कितीदा चाटला, वरचा थर कसा होता. मी सांगितलं — धातू नाही, अधातू नाही, मधला. खड्यापेक्षा हवेने त्याच्यावर धरणारा थर वाईट. ते लिहीत गेले. लिहिता लिहिता म्हणाले, "माहिती पक्की आहे तुमची."

कशाला होती ती पक्की!

बाकीच्या मुलांनाही तपासलं. त्यांनी नुसता हात लावला होता. हीच एक जीभवाली.

९ ऑगस्ट, शनिवार

अहवाल नाही. चिमणीला सलाईन. पोट दुखलं की गप्प होते, थांबलं की बोलते. मला म्हणाली, "काका, सलाईनची सुई धातू. लावल्या लावल्या कळलं." मी हसलो. मग बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

तिची आई आली. कुठल्यातरी कारखान्यात शिवणकाम करते, खांद्यावर दोरे तसेच चिकटलेले. कुणीतरी मला बोटाने दाखवून दिलं. वाटलं, आता चप्पल काढते. काढावी. ती समोर उभी राहिली, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"तुम्हाला दिसतं ना?" म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"मग?"

ती तशीच उभी. मग आत गेली, लेकीशेजारी बसली.

१० ऑगस्ट

घरी सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या. हिने लावल्या. मी नावं सांगायची, तिने लिहायची. दोन बाटल्यांपाशी मी अडलो. दोन्हींत करडे तुकडे. खिडकीशी नेले, उन्हात धरले. ही थांबून राहिली. एरवी टोमणा मारला असता. "असू दे," म्हणाली, "यांना मागे ठेवू."

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट, सोमवार

अहवाल आला. आर्सेनिक आहे. मर्यादेच्या थोडं वर. डॉक्टर म्हणाले, शरीर टाकून देईल, चार दिवसांनी पुन्हा बघू, बहुतेक मागे काही राहणार नाही. बहुतेक! हा शब्द मी आयुष्यभर इतरांच्या तोंडून ऐकून हसलो. "बहुतेक पितळ असावं," "बहुतेक कथील." आज तोच धरून बसलोय.

मालकाने विचारलं, "लेथवर लक्ष कुठंय तुझं?" शाफ्ट वाया गेला. माझ्या हातून. कधी गेला नव्हता.

१३ ऑगस्ट

पोट दुखायचं थांबलं. पोरीने भात खाल्ला, वाटी वाजवली, "धातू!" म्हणाली. हे बाईंनी फोनवर सांगितलं. मला जायचं धैर्य झालं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरा अहवाल. स्वच्छ.

ही देवापुढे उभी राहिली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. किती वेळ ते कळलं नाही.

१८ ऑगस्ट

मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. चिमणीची आई बरोबर होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही आपणहून आलात म्हणून मूल हाती लागलं. घातक एकही खडा न घेता अशाच पेट्या करा. सात शाळा मागतायत, एकेकीचे बावीस हजार."

मी नको म्हणालो. चिमणीच्या आईकडे बघून म्हणालो, मला नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली.

सात पेट्या. एक लाख चौपन्न हजार.