कोयोआकानला झुकलेला केक

चि. फेर्मीन यास थोरल्या बहिणीचे, रेमेदिओसचे, अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सेन्त्रोत, शहराच्या जुन्या भागात, सगळे खुशाल, म्हणजे बुजवलेल्या तळ्याच्या मऊ मातीत इमारतींसकट दरवर्षी जेवढे खचतो तेवढेच यंदाही खचलो. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून हे पत्र.

इत्सेलच्या पंधराव्या वाढदिवसाला तू आला नाहीस. (दाढ दुखत होती म्हणे. असो.) नातीचा केक मीच करणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पण माझ्या रोद्रिगोने अट घातली, की केकमध्ये काही गडबड झाली तर मी केकचं दुकान बंद करून त्यांच्याकडे कोयोआकानला राहायला जायचं. तोंड त्याचं, पण बोल त्याच्या सासूचे, म्हणजे आमच्या विहीणबाई ओर्तेन्सियांचे. त्यांच्या मते सेन्त्रोतलं सगळंच वाकडं. मीही इरेला पेटून हो म्हटलं.

पाच मजली केक केला. दुकानात चारी बाजूंनी पाहिला, वरून दोरा सोडून पाहिला. काठीसारखा ताठ. तिकडे नेऊन हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. केक चक्क डावीकडे झुकलेला! आपलं दुकान उजवीकडे कललंय हे का मला ठाऊक नाही? हातातून लिंबू सुटलं की चाळीस वर्षं त्याच कोपऱ्यात सापडतं. पण चाळीस वर्षांत माझ्या हातालाही तेच वळण लागलंय, प्रत्येक थर उजवीकडे जरा जाड. (एक-दोन मजल्यांत कळत नाही.) तिकडे पायाखाली खडक, टेबल सपाट, त्यामुळे माझी सगळी करामत उघडी पडली.

त्यात उकाडा. क्रीम मऊ पडत चाललेलं, प्रत्येक नाचागणिक केक आणखी कलत होता, आणि नेमक्या डावीकडे विहीणबाई निळ्या सॅटिनमध्ये बसलेल्या. मी टेबलाशेजारून हलेना. त्या म्हणाल्या, "रेमेदिओसबाई, बसा की, केक काही पळून जात नाही." पळत नाही, तुमच्या मांडीवर यायला निघालाय, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

मग पंधराव्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे रोद्रिगोने गुडघे टेकून लेकीच्या सपाट चपला काढल्या आणि उंच टाचांचे बूट चढवले, म्हणजे पोर मोठी झाली. सगळ्यांचे डोळे पाणावले. माझे केकवर, कारण वरचं साखरेचं फूल तेवढ्यात गळून पडलं होतं. आता दुकान गेलं, असंच मला वाटलं. पोरीने माझं तोंड पाहिलं, बापाच्या हातून त्या चपला घेतल्या आणि तडक माझ्यापाशी आली.

"आजी, डावीकडून उचल."

मी टेबलाला खांदा लावला. ती घोळदार झग्यासकट टेबलक्लॉथखाली शिरली आणि डावीकडच्या दोन्ही पायांखाली एकेक चप्पल सरकवून बाहेर आली. केक सरळ! लोकांना वाटलं, हाही एक विधीच. टाळ्या पडल्या. विहीणबाईंनीही वाजवल्या.

तुझी बहीण,
रेमेदिओस

ता. क. चपला मी परत दिलेल्या नाहीत. कोणी विचारलं तर तुला काही माहीत नाही.

ता. क. दुसरा. तुझ्या पालिकेच्या ऑफिसची नोटीस आली आहे, जानेवारीत जॅक लावून आमची दुकानाची इमारत सरळ करणार म्हणे. तो कागद तुझ्या ढिगाऱ्यात अगदी तळाशी घाल. इत्सेल दर शनिवारी दुकानात केक शिकायला येते. तिच्या हाताला आत्ता कुठे आपलं वळण लागतंय.