भिंगवालीने नाकारलेलं सामान

३ मार्च, सकाळी ७
आजपासून पुन्हा रोजनिशी. ही वही कोणीही वाचायची नाही. विशेषतः बायकोने.

संकल्प: मागच्या खोलीतलं मुलीच्या तान्हेपणीचं सगळं सामान रविवारपर्यंत दान करून मोकळं व्हायचं. मुलगी आता आठ वर्षांची आहे. सामान: कठड्याचा पाळणा, बाबागाडी, जेवणाची उंच खुर्ची, कारसीट. सगळं ठणठणीत. चार बाळं मोठी होऊन माझं नाव घेतील.

बायको म्हणाली, द्यायच्या आधी नीट तपासून घ्या. हे मला! सतरा वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळतोय. नापास करणं हा माझा धंदा आहे. तिने दान केंद्राचा छापील कागद पुढे सरकवला. तपासणीचे चौदा मुद्दे. कागद जाड आहे. त्यावर चहाचा कप ठेवला.

८ मार्च, रविवार
अपमान.

दान केंद्रात टेबलामागे एक बाई. गळ्यात दोरीला भिंग. लेबलांवरची बारीक अक्षरं त्यातून वाचते. तिचं नाव विचारलं नाही, विचारायची इच्छाही नाही. भिंगवाली.

पाळण्याच्या गजांमधून तिने एक पत्र्याचा डबा आरपार सारला. म्हणाली, एवढ्या फटीतून बाळाचं अंग बाहेर येतं आणि डोकं अडकतं. शिवाय कठडा वर-खाली सरकतो, असे पाळणे आम्ही घेतच नाही. मी म्हणालो, आमची मुलगी त्यात दोन वर्षं झोपली. ती म्हणाली, नशीब.

बाबागाडीचा ब्रेक लागत नाही. उंच खुर्चीला पायांमधला पट्टा नाही, बाळ खालून घसरेल आणि मान अडकेल. (तो पट्टा मीच कधीतरी सूटकेस बांधायला काढला होता. ही माहिती तिला देण्याचं कारण नव्हतं.)

कारसीटचं लेबल फाटलेलं. कधी बनवली, किती वर्षं चालते, कळायला मार्ग नाही. म्हणाली, ही कधी अपघातात होती का? मी म्हणालो, छे.

चारही वस्तू परत. मुलगी बरोबर होती. गाडीत म्हणाली, बाबा, तुम्ही सगळ्या विषयांत नापास. ही भाषा तिला आईकडून मिळते.

९ मार्च
केंद्राच्या प्रमुखांना चार पानी तक्रार लिहिली. विषय: आपल्या कर्मचाऱ्याचा उद्धटपणा व भिंगाचा गैरवापर.

११ मार्च
उत्तर आलं. प्रमुख तीच आहे.

१५ मार्च, रविवार, दुपारी
बाबागाडीचा ब्रेक स्वतः दुरुस्त केला. बायको म्हणाली, आधी तपासा. तपासला. बाळाच्या वजनाचे बटाटे ठेवून बाबागाडी बिल्डिंगच्या पार्किंगच्या उतारावर उभी केली आणि हात सोडला. चार सेकंद उभी राहिली. चार सेकंद म्हणजे थोडे नाहीत.

मग ती गेली. खाली सोसायटीचे अध्यक्ष स्कूटर पुसत होते. ते म्हणाले, यात मूल असतं तर? मी म्हणालो, मूल नव्हतं, बटाटे होते, उगाच बाऊ करू नका. नंतर बराच वेळ त्यांच्या स्कूटरखालून बटाटे गोळा केले. त्यांनी एकही उचलून दिला नाही. असली माणसं निवडून येतात.

निष्कर्ष: ब्रेक उत्तम. उतार सदोष.

१७ मार्च
पाळणा, खुर्ची आणि बाबागाडी आता राहू देत. भिंगवालीची जिरवायला एक कारसीट पुरे. कापड धुतलं, बकलांना तेल दिलं. नवीच दिसते. प्रश्न फक्त लेबलाचा. ऑफिसच्या प्रिंटरवर एक सुबक लेबल छापलं. तारीख अंदाजाने टाकली. अंदाज जरा उदार आहे.

हे खोटं नव्हे. हरवलेल्या माहितीची पुनर्स्थापना.

१९ मार्च, संध्याकाळी
विजय.

केंद्रात गेलोच नाही. तिला कशाला शरण जायचं? धाकट्या मेहुण्याच्या बायकोचे दिवस भरलेत, आज-उद्या कधीही बाळ होईल. कारसीट त्याला नेऊन दिली. हा मेहुणा मला पहिल्यापासून आवडत नाही. माझ्या प्रत्येक सल्ल्यावर मान डोलावतो आणि उलटं करतो. पण आज गहिवरला. म्हणाला, दाजी, तुम्ही तपासलीय म्हणजे बघायलाच नको. मी म्हणालो, बघूच नकोस.

त्याच्या बायकोने दोन्ही हात जोडले. मन भरून आलं. भिंगवालीने हे दृश्य बघायला हवं होतं.

२२ मार्च, रविवार
बायकोने विचारलं, कारसीट कुठाय? मी सांगितलं. मला वाटलं, माहेरच्यांसाठी एवढं केलं म्हणून खूश होईल.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, टेम्पोला धडकलेली सीट तुम्ही माझ्या भावाच्या बाळाला दिलीत?

इथे खुलासा आवश्यक. सात वर्षांपूर्वी एक टेम्पो चुकीच्या जागी उभा होता. आमच्या गाडीचा पुढचा भाग त्याला किंचित लागला. मुलगी अकरा महिन्यांची, त्या सीटमध्ये होती. तिला ओरखडाही नाही. म्हणजे सीट चांगलीच ठरली की!

बायको म्हणाली, किंचित? बॉनेट दुमडलं होतं. आणि टेम्पो त्याच्या जागीच होता, तुम्ही फोनवर सप्लायरला झापत होतात. त्या सीटने आपली पोरगी वाचवली. अशी सीट एकदाच वाचवते. मग म्हणाली, तुमच्या कारखान्यात जमिनीवर पडलेलं झाकण तुम्ही परत पट्ट्यावर ठेवता का?

ठेवत नाही. सरळ भंगारात टाकतो, दिसायला कितीही चांगलं असो. तो नियम मीच केलाय. पण झाकणं वेगळी. झाकणांना गिऱ्हाईक असतं.

ती म्हणाली, मी सांगू का त्याला, की तुम्ही सांगता? मी म्हणालो, मी सांगतो. लवकरच.

२३ मार्च
मेहुण्याला मुलगी झाली. मी आतोबा झालो. फोनवर तो इतका आनंदात होता की विषय काढणं बरं दिसलं नसतं.

संकल्प: उद्या सकाळी फोन.

२४ मार्च
बायको सकाळीच दवाखान्यात गेली, बाळंतिणीजवळ. मी फोन केला. बाळाचं नाक कोणावर गेलंय यावर वीस मिनिटं बोललो. नाक आमच्याकडचं नाही एवढं ठरलं.

२५ मार्च
सकाळी दहाला डिस्चार्ज होता. मी साडेनऊला पार्किंगमध्ये. बेत असा: पॉलिश करायची राहिली सांगून सीट गुपचूप काढून आणायची. मेहुणा गाडीपाशीच उभा. सीट बसवलेली, आत गुलाबी दुपटं घातलेलं. तो म्हणाला, दाजी, पॉलिश कसली, आज बाळ घरी चाललंय. मी म्हणालो, रंग चुकलाय. तो हसायला लागला. मी सीट ओढली, त्याने धरली. दोन मोठी माणसं दवाखान्याच्या दारात कारसीटची रस्सीखेच करतायत. वॉचमन बघत होता.

ओढाओढीत कापड निसटलं.

पाठीच्या बाजूला प्लास्टिकला चीर. माझ्या वितीएवढी. बकलांना तेल देताना बरोबर त्याच जागी माझा हात होता. कापड धुतलं तेव्हाही. मी बघितलं नव्हतं. किंवा बघितलं होतं. अंगठ्याने दाबलं तर चीर उघडली आणि मिटली.

थंडीने गेली असेल, असं म्हणणार होतो. तेवढ्यात दार उघडलं. व्हीलचेअरवर मेहुण्याची बायको, तिच्या मांडीवर ते गाठोडं, मागे माझी बायको. गाठोड्यातून फक्त एक मूठ बाहेर. झाकणाएवढी.

मी म्हणालो, ही सीट अपघातातली आहे. मला माहीत होतं. लेबल मीच छापलंय.

मेहुण्याने शिव्या दिल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. त्याने दुपटं काढून घेतलं, घडी घातली आणि बायकोला म्हणाला, चल, वर जाऊन बसू. माझ्या बायकोने कोणालातरी फोन केला.

दीड तासाने भिंगवाली आली. तपासलेली सीट घेऊन. स्वतः बसवली, गुडघा रोवून पट्टा आवळला, दोन्ही हातांनी हलवून बघितली. सीट तसूभर हलली नाही. मला तिने फक्त पर्स धरायला दिली. जड होती. बाळ घरी गेलं. मला कोणी हात केला नाही.

२७ मार्च
मेहुणा फोन उचलत नाही. व्यस्त असेल.

२९ मार्च, रविवार
सगळं सामान घेऊन केंद्रात. दान नाही, मोडीत. भिंगवाली म्हणाली, कचऱ्यातून उचलून कोणी वापरायला नको. कारसीटचे पट्टे कापा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: धडकलेली, वापरू नये. कात्री बोथट होती. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, जोर लावा. पाचही पट्टे कापले. माझ्या हस्ताक्षरात लिहिलं. शेवटचा पट्टा कापताना हात का थांबला ते ठाऊक नाही. मुलगी त्यात बसायची तेव्हा तो पट्टा चावायची.

मग फॉर्म. वस्तू, रंग, मोडीत काढण्याचं कारण. कारण लिहिलं: अपघात. पुढे जागा नव्हती, तरी समासात स्वतःहून लिहिलं: गाडी मी चालवत होतो, फोनवर होतो. सात वर्षांत पहिल्यांदा. पेन खाली ठेवलं आणि काहीतरी होईल म्हणून थांबलो.

भिंगवालीने भिंगातून वाचलं. म्हणाली, ही माहिती लागत नाही.

आणि तेवढ्यावर रेघ मारली.