शंभरातले किती

धामणगाव बढे,
३ जुलै २०२३

चि. समता हिस शालिग्राममामाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोन छायाच्या हाती असतो आणि ती तो मोठ्या आवाजात लावते, म्हणून पत्र. उजव्या फुप्फुसाचा तुकडा काढून पाच महिने झाले, केमोही संपली. पुढचं विचारलं की डॉक्टर म्हणतात, बघू. तू तर दवाखान्यात हाच हिशेब करतेस: असा रोगी पुढे किती जगेल. तीस वर्षं मी पोरांचे निकाल लावले. माझा तू लाव. मामीला कळवू नकोस. तिला झेपणार नाही.

लोभ निकालानंतरही राहू दे.
तुझा मामा

धामणगाव,
४ जुलै

समताबाईले छायामामीचा जयभीम.

तुहे मामा दुपारचे झोपले, तवा लिहून राह्यली. त्याइचं किती दिवसाचं हाय ते मले सांग. त्याइले सांगू नोको. साधा खोकला आला तरी माह्या तोंडाकडे पाह्यतात. हिंमत नाही राह्यली त्याइची.

माया ठेवजो, न चिठ्ठी फाडून टाकजो.
छाया

नागपूर,
१२ जुलै

ती. मामा व ती. मामी यांस सविनय जयभीम.

दोघांचीही पत्रं एकाच दिवशी मिळाली. दोघांनीही दुसऱ्यापासून लपवायला सांगितलंय, म्हणून उत्तर एकाच पाकिटात. मामांचं वय, गाठ किती पसरली होती, केमो किती सोसली, सगळं धरून हिशेब केला. अशा शंभरांपैकी साठजण पाच वर्षांनंतरही असतात. ते साठ कोण, हे मात्र आमच्या हिशेबाला कळत नाही. एवढं न कळण्याचा मला पगार मिळतो. तपासणी चुकवू नका.

रागावलात तरी माया असू द्यावी.
आपली समता

धामणगाव बढे,
२ ऑगस्ट

चि. समता हिस आशीर्वाद.

पाकीट छायानेच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. बाकीच्या चाळिसांत मी असलो तर काय, असं मी तिला विचारलं. ती रडली. मीही रडलो. एवढ्या महिन्यांत एकमेकांसमोर पहिल्यांदाच. तिला झेपलं, झेपत मलाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला मलकापूरला दातवाल्याकडे घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी कवळी कशाला, म्हणून मी ऑपरेशनपासून भाकर दुधात कुस्करून खात होतो. माप घेऊन तो म्हणाला, पाच वर्षं सहज टिकेल. छायाने त्याला विचारलं, दहा वर्षंवाली नाही काय?

भेटीस यावे, दोघांचाही लोभ आहे.
मामा, मामी