सरणावरच्या टोपीची व्यवस्था

लिहून ठेवतो मी, रंगराव वल्द आनंदराव, वय अंदाजे बासष्ट, धंदा मळा, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड. दमा वाढला आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. डोक्याच्या आतलं म्हणतो, बाहेरचं पुढे येईल. कुणाच्या धाकानं किंवा भरीला पडून लिहीत नाही.

१. राहतं घर आणि विहिरीजवळचं वांग्यांचं वावर माझी बायको मनकर्णाबाई हिला तहहयात. तिच्यामागे घर आणि वावर दोन्ही माझा पुतण्या कारभारी याला, कारण आम्हाला मूल नाही. कारभारी मनाचा चांगला आहे. बाजारात मात्र त्याला कोणीही गंडवतं, म्हणून कलम तीन लांबलं आहे.

२. चुलतभाऊ इंद्रभान याला काही नाही. त्यानं खांदाही देऊ नये. कारण लिहिताना आजही मान खाली जाते. लहानपणी माझ्या डोक्यात खवडे झाले. आईनं औषध म्हणून बिब्ब्याचं तेल लावलं आणि केसांसकट कातडी गेली. तेव्हापासून टोपी. वडील वारले तेव्हा क्षौराला बसलो, टोपी काढावी लागली, आणि इंद्रभान सगळ्यांदेखत म्हणाला, "न्हाव्याले इथं काय काम हाय बे?" बापाचा देह बाजूला होता आणि लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला डोक्यापेक्षा जास्त वाटते.

३. म्हणून मला अंघोळ घालताना, दर्शनाला ठेवताना आणि सरणावरही डोक्यावर टोपी असावी. जुन्या टोप्या घामट झाल्या आहेत. कारभारीनं नवी, ओली लोकर हातानं थापून केलेली आणावी आणि नीट पाहून आणावी. खामगावच्या बाजारात चकचकीत टोप्या पुष्कळ. तसली एक मी घेतली होती. उन्हात तिचा काळा रंग कपाळावरून नाकापर्यंत उतरला. तेव्हा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहावी. काळ्या मेंढीची लोकर जात्याच काळी, तिला रंग लागत नाही. उन्हात धरली तर जराशी तपकिरी दिसते. टोपी मुठीत दाबून सोडावी. चुरगळलेलीच राहिली तर दुकानदाराला परत द्यावी. उजेडासमोर कुठं विरळ, कुठं गठ्ठा दिसला तर लोकर नीट पिंजलेली नाही असं समजावं. अंगठ्यानं घासून तूस निघालं तर थापणं कच्चं. एक तंतू ओढून जाळावा: केस जळाल्याचा वास आला तर लोकर, चिंधीचा आला तर सुताची भेसळ. थापून केलेल्या टोपीला शिवण नसते, ती कुठं दिसते का तेही पाहावं. शेवटी गालाला लावावी. बोचली तर मोठ्या मेंढीची. माझ्या कातडीला कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाचीच चालते. दुकानदार घाई करील, त्याला करू द्यावी. यातलं काहीच जमलं नाही तर इथल्याच रहेमतुल्ला नद्दाफकडे जावं. माझ्या टोप्या तोच थापतो.

४. वरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असता मनकर्णा आत आली. तिनं तो ऐकला होता.

"हे काय लिहून राह्यले तुमी? मले तुमचं डोकं माहीत नाही काय? तुमी तापात बेसुद पडले होते तवा टोपी कोनं काढली? तेल कोनं लावलं? आन् जावळाचीच टोपी करजा, असं रहेमतुल्लाभाईले दरसाल कोन सांगते?"

मी रहेमतुल्लाकडे पाहिलं. तो साक्षीला बसला होता. "हाव रंगूभाऊ," तो म्हणाला, "वयनीच सांगते."

"मंग मले बोलली काऊन नाही?" मी तिला विचारलं.

"तुमाले लाज वाटली असती."

लग्न झाल्यापासून मी दार लावून डोकं धूत आलो. ती बाहेर पाणी तापवून द्यायची आणि दाराकडे पाठ करून बसायची. मला वाटायचं, तिला काही ठाऊक नाही. आज तिच्यासमोर मान वर करवत नाही.

सबब कलम तीन रद्द समजावं. ते खोडत नाही. कारभारीला स्वतःसाठी टोपी घेताना उपयोगी पडेल. मला सरणावर टोपी नको. ती मनकर्णेनं आपल्या हातानं काढावी, डोक्याला तेल लावावं, आणि त्या वेळी ओसरीवर जमलेल्या कुणालाही उठवू नये.

यावर मी शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमोर सही केली.

रंगराव वल्द आनंदराव, सही दस्तूरखुद्द

साक्षीदार:
शालिग्राम वल्द नारायणराव, राहणार उंद्री
रहेमतुल्ला वल्द गुलजार नद्दाफ, राहणार उंद्री, निशाणी अंगठा

मुक्काम उंद्री, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८५९