सहावं सलाईन

भाऊजी,

तुमच्या दादांना साडेनऊला दवाखान्यात न्यायचंय. काही खायला देऊ नका, पोटात असलं की उलटी होते. त्यांच्या डिप्रेशनवरचं हे सहावं आणि शेवटचं सलाईन. तुम्ही पहिल्यांदाच जाताय, म्हणून लिहून ठेवते.

सलाईनमधून केटामीन हे भुलीचं औषध चाळीस मिनिटं थेंबाथेंबानं जातं. मधेच ते विचारतील, "माझे हात कुठे गेले?" किंवा छत वर वर चाललंय म्हणतील. घाबरू नका, नुसतं "मी इथेच आहे" म्हणा. सिस्टर बीपी बघत असतात. तासाभरात सगळं उतरतं, पण चालताना तोल जातो, दंडाला धरा. आज स्कूटरची किल्ली त्यांच्या हातात देऊ नका.

दुसऱ्या वेळेनंतर त्यांनी आपण होऊन दाढी केली होती आणि चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर ओरडले होते. मी बाथरूममध्ये जाऊन आनंदानं रडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले. नंतरच्या तिन्ही वेळा तेवढंही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, काहींना लागूच पडत नाही.

"ती का नाही आली?" असं त्यांनी विचारलं, तर शाळेत रजा मिळाली नाही म्हणून सांगा. खरं तर मी मागितलीच नाही. डोळे उघडले की ते आधी माझ्याकडे बघतात आणि माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखतात, की काही फरक पडलेला नाही. आज समोर तुमचा चेहरा असू दे.

— वहिनी