विहिरीच्या बांधालगतची जागा

आप्पा,

सकाळी धाकट्याचा फोन आला तेव्हापासून मी घरात नुसती फिरतेय. दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा उतू गेला. रविवारी आपल्या राहू गावच्या रानात जेसीबी येणार आहे. विहिरीकडचा बांध फोडून त्याला शेततळं करायचंय. म्हणाला, "ताई, तू आधी ये आन् जागा दाखव. आप्पांचा पाय हाय तिथं. हाडं सापडली तर भीमेत सोडू, मगच जेसीबी लावू." मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. शिरूरहून राहू काही फार लांब नाही, पण मला तिथवर जाववेल असं वाटेना. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या रानात रोटाव्हेटर मारत होतात. पात्यांत गवत गुंतलं आणि तुम्ही ट्रॅक्टर चालू ठेवूनच खाली उतरलात. मी धावत पोचले तोवर कुणीतरी तुमची मांडी उपरण्यानं आवळून तुम्हाला जीपमध्ये घातलं होतं. दौंडला रक्त थांबवलं, सलाईन लावलं आणि तसंच पुण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर माझ्याशीच बोलले. आई केव्हाच गेलेली, धाकटा पाबळला होस्टेलवर, आणि मामा रक्ताची बाटली आणायला पळालेले. "शिरा तुटल्यात. पिंढरीत जीव राहिलेला नाही. पाय ठेवला तर विष अंगभर पसरेल." मी वीस वर्षांची होते. सही केली. उजवा, गुडघ्याखाली.

ही सही तुम्हाला माहीत होती. दुसरीबद्दल मी कधी बोलले नाही. ऑपरेशन संपतं, दार उघडतं, आणि तिथल्या कामाच्या मावशी बाहेर येऊन विचारतात, "पाय घरी नेणार का बाळा? का आम्हीच विल्हेवाट लावू?" त्यांच्या हातात पिवळी पिशवी आहे. ती जड आहे हे त्यांच्या कललेल्या खांद्यावरून कळतं. मी म्हणते, "तुम्हीच लावा." त्या कागद पुढं करतात. अशा पिशव्या भट्टीत जातात, हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "माझा पाय कुठं हाय?"

"मामांनी पुरला, आप्पा. आपल्या विहिरीच्या बांधाला."

एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण त्याच दिवसापासून तुमचा नसलेला पाय दुखायला लागला. तुम्ही चादर दातांत धरायचात. डॉक्टर म्हणाले, पाय गेला तरी मेंदूला तो आहेच असं वाटतं. गोळ्या दिल्या, आरसा समोर धरून चांगला पाय हलवायचा व्यायामही करून घेतला. तुमचं म्हणणं वेगळंच होतं. "त्यानं बोटं मुडपून पुरलाय. तळपाय पिळवटतोय नुसता. मामाला सांग, उकर आन् सरळ कर."

मी मामांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "आता तू गप बस." दुसऱ्या दिवशी आले आणि तुमच्या उशाशी बसले. "केला बघा सरळ, दाजी. बोटं आभाळाकडं." त्या दुपारी तुम्ही झोपलात. गोळ्यांचा गुण असेल, आरशाचा असेल. जागे झालात आणि म्हणालात, "आता कसं मोकळं वाटतंय." तुमचं दुखणं तेव्हा थांबलं नसतं, तर मी आठवडाभरात खरं सांगून टाकलं असतं.

जखम भरली, नकली पाय बसला. घरी आल्यावर माझा हात झिडकारून तुम्ही कुबडीवर थेट बांधाकडं निघालात. "कुठंशी?" मी गवत जरा दाट होतं तिथं बोट दाखवलं. नुसतं दाखवायचं म्हणून. तुम्ही तिथं दगड ठेवलात आणि रोज संध्याकाळी जाऊन बसू लागलात. "थोडा पुढं गेलाय, बाकीचा येतोय सावकाश," अशी स्वतःचीच चेष्टा करायचात, आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबायचा. मग एका पहाटे बाकीचेही गेलात. मागून मामाही गेले.

आज दुपारी राहवेना तेव्हा धाकट्याला फोन करून सांगितलं. पिशवी, सही, मामा, सगळं. 

"मग मी इतकी वर्सं ट्रॅक्टर वळसा घालून कशाला नेला, ताई?"

 मग तोच म्हणाला, "तरीबी तू ये. तुझ्याबिगर न्हाई लावायचा जेसीबी."

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, म्हणून एवढं लिहून ठेवते, आप्पा. तिथं काही नाही हे जाणणारी मी एकटीच उरले होते. तरी माहेरी आले की मीही त्या जागेवर कधी पाय देत नाही.