तेजपूरच्या पाण्याचे आकडे

ट्रिप्लिकेन, मद्रास
३० ऑक्टोबर १९६२

चि. सेतुमाधव यास वसंताअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दीपावली झाली. अप्पाजींनी पहाटे तेल लावून घेतलं, पण अंघोळ होताच रेडिओपाशी जाऊन बसले ते उठेनात. चिनी खाली उतरताहेत म्हणे. तुझं तेजपूर नकाशात कुठे येतं ते त्यांनी मला तीनदा दाखवलं. बोट ठेवलं की सरहद्द आणि गाव दोन्ही झाकली जातात, एवढंच मला कळलं.

आता मुद्द्याचं. चंद्रिकेला पाचवा सरत आला. तिला आई नाही, तेव्हा बाळंतपण इथेच होणार आणि मीच करणार, हे ठरलेलं आहे. तू सातव्यात आणतो म्हणालास. मी म्हणते आत्ता आण. नदीकाठची पाण्याची उंची मोजायची पट्टी वाचायला सरकारला दुसरा माणूस मिळेल. तुझ्या मागच्या पत्रात पाण्याचे आकडे सात ओळी आणि बायकोची तब्येत अर्धी ओळ, हे काय वागणं झालं? अप्पाजी मात्र आकड्यांवर खूश. कावेरीच्या कालवा कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय होणार.

शाळेची सहामाही तपासायची पडली आहे. उलट टपाली लिही, नाहीतर मी रागावेन आणि तो राग महिनाभर पुरेल. आशीर्वाद आहेतच.

तुझी अक्का
वसंता


तेजपूर
९ नोव्हेंबर १९६२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझा राग पोचला. चंद्रिकेने मोठ्याने वाचला आणि मान डोलवत राहिली. ती छान आहे, हे या वेळी पूर्ण ओळभर लिहितो. आंबट खावंसं वाटतं, इथल्या लिंबांवर भागवते. एकटी मद्रासला जायला मात्र तयार नाही.

इथे घाबरण्यासारखं अजून काही नाही. ब्रह्मपुत्रा तुला एकदा दाखवायला हवी. पलीकडचा काठ नुसता अंदाजाने समजून घ्यायचा. सकाळी मी घाटावर जातो तेव्हा इथल्या मिसिंग जमातीचे कोळी जाळी उलगडत असतात, नेपाळी गवळी दुधाच्या घागरी घेऊन नावेतून उतरतात, वर मारवाड्याचं दुकान आणि त्याच्या शेजारी बंगाली डॉक्टर. गावात सहा भाषा, आणि सगळे माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलतात, कारण माझी हिंदी सर्वांत वाईट. आता त्यात लष्कराच्या गाड्यांची भर पडली आहे. पाणी रोज इंचभर उतरतंय. अप्पाजींना सांग, आजवर एकही दिवस पट्टी चुकलेली नाही. चोवीस सालच्या महापुरात ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पट्टी वाचत होते, हे ऐकतच मी मोठा झालो. मी कोरड्या काठावरून पळालो तर त्यांना तोंड कसं दाखवू?

माया आहे तशी ठेव. अप्पाजींना साष्टांग.

तुझा
सेतू


ट्रिप्लिकेन
२४ नोव्हेंबर १९६२

चि. सेतू यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुठे पाठवावं ते कळत नाही. तेजपूर रिकामं झालं असं पेपरात आलं आहे, म्हणून तुमच्या गौहातीच्या मोठ्या कचेरीच्या पत्त्यावर टाकते. तुझी ओळख असणाऱ्या कोणाच्याही हाती पडलं तर त्याने कृपा करून एका शब्दाचं कार्ड टाकावं.

दोन तारा केल्या. एक परत आली, दुसरीचं काही कळलं नाही. लढाई थांबली असं रेडिओ सांगतो, आणि थांबायच्या आधी तुम्ही दोघं कुठे होतात ते कोणी सांगत नाही. अप्पाजी जेवतात आणि पुन्हा रेडिओपाशी जाऊन बसतात. काल मी त्यांना म्हटलं की सेतू शहाणा आहे, वेळेवर निघाला असेल. ते म्हणाले, नाही निघणार, मीच त्याला तसा वाढवला.

रागावले नाही रे. नुसतं लिही.

वसंता


ट्रिप्लिकेन
५ डिसेंबर १९६२

चि. सेतू यास लक्ष लक्ष आशीर्वाद.

तुझं नदीपलीकडच्या नौगावहून आलेलं पत्र मिळालं. कसं मिळालं ते ऐक.

काल चार वाजता राममूर्ती नावाचे एक सरकारी गृहस्थ दारात आले. हातात फोडलेलं पाकीट. अक्षर तुझं होतं, एवढं मला लांबूनच दिसलं. त्यांनी विचारलं, हे पत्र तुमचं का, आणि यात काय लिहिलं आहे? लढाईमुळे सरहद्दीकडची पत्रं तपासतात. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून आपण घरात मराठी लिहितो ती तमिळ अक्षरांत, हे त्या बापड्याला काय ठाऊक. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, म्हणाले, आणि एका शब्दाचा अर्थ लागत नव्हता. वर तीन दिवसांचे तुझे पाण्याचे आकडे. चार दिवस त्यांची कचेरी ते उलगडत बसली होती. मला म्हणाले, मोठ्याने वाचा आणि तमिळमध्ये सांगा.

मग मी उभ्या उभ्या वाचत सुटले. चंद्रिका सुखरूप नौगावात आहे, एवढं वाचलं आणि तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. राममूर्तींनी स्वतः आत जाऊन फुलपात्रात पाणी आणलं. पुढे वाचायला घेतलं त्या भरात शुद्ध कुठली. तू लिहिलं आहेस, हे अप्पाजींना सांगू नकोस, आणि मी ते वाक्यसुद्धा अप्पाजींच्या समोर खणखणीत वाचलं. चंद्रिकेला एकोणीस तारखेला गर्दीच्या नावेत बसवून तू मागे राहिलास. वीस, एकवीस, बावीस, रिकाम्या गावात एकटा घाटावर जाऊन पट्टी वाचलीस. तिसऱ्या दिवशी तुला वाटलं की हे आकडे वाचणारं कोणी उरलं आहे की नाही, आणि पोटुशी बायको पलीकडे सोडून मी इथे काय करतोय. तेविसाला कोळ्याच्या होडीतून पार झालास.

वाचून संपलं तेव्हा अप्पाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. राममूर्तींना मी तमिळमध्ये सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, मुलाला काही कळवायचं असेल तर लिहून ठेवा, उद्या येऊन नेतो, अडकणार नाही असं मी बघतो. तेव्हा अप्पाजी उठले. दौत-टाक मागितला, त्यांच्या वडिलांनी शिकवलेल्या मोडीत चार ओळी लिहिल्या आणि चिठ्ठी पुढे केली. राममूर्तींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि सेतू, तो माणूस इतका हसला की शेजारची अलमेलू बघायला आली. म्हणाले, ही तरी कोणी वाचेल का? अप्पाजी म्हणाले, ज्याच्यासाठी आहे तो वाचेल. मला मोडी येत नाही, मी काय सांगणार. ती चिठ्ठी याच पाकिटात आहे.

तू जिवंत आहेस. बाकी ओरडायचं ते समोर आलास की ओरडेन.

तुझी अक्का


तेजपूर
१९ डिसेंबर १९६२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी परत कामावर आलो. गाव भरत चाललं आहे. डॉक्टर आले, गवळी आले, मारवाडी आधी आपलं कुलूप तपासून मगच माझ्याशी बोलला. चंद्रिका अजून नौगावात आहे, तिला सातवा लागला. बाळ पोटात लाथा मारतं, ते तुझ्यावर गेलं आहे असं तिचं म्हणणं.

अक्का, मला मोडी येत नाही. अप्पाजींनी लहानपणी शिकवायला घेतली तेव्हा मी क्रिकेट खेळायला पळायचो, हे ते विसरले. इथे लष्करात विद्याधर म्हणून सातारचे एक कारकून आहेत, त्यांच्याकडे चिठ्ठी घेऊन गेलो. त्यांना खालची सही तेवढी लागली. म्हणाले, आमचे आजोबा असते तर वाचली असती. चार ओळींत एक शब्द असा खोडला आहे की कागद फाटला. आयुष्यात अप्पाजींनी काही खोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागच्या रविवारी नौगावला गेलो तेव्हा चंद्रिका म्हणाली, चिठ्ठी परत पाठवू, मद्रासात कोणी वाचून कळवील. मी नको म्हटलं. दोन महिन्यांची रजा मागितली. साहेब म्हणाले, बदली माणूस नाही, पट्टीचं काय करणार? मी म्हटलं, तेवढे दिवस वहीत रिकामे सोडा. सत्तावीसला आम्ही दोघं निघतो, कलकत्त्याहून मेल पकडू.

चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. घरी पोचल्यावर मी ती अप्पाजींच्या हातात देईन आणि समोर बसेन. काय लिहिलं आहे ते त्यांनीच वाचून दाखवावं.

तुम्हा दोघांच्या मायेतला
सेतू